वेतनमर्यादेने कबड्डी समतोल होते काय?

सर्व संघांच्या खर्चाला सारखी मर्यादा घातली की स्पर्धा न्याय्य होते, असे अर्थशास्त्राच्या तासाला मीही सांगत आलो आहे. प्रो कबड्डी लीग पाहताना मात्र या विधानाविषयी शंका येऊ लागली.

२०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर ५ कोटी रुपयांपर्यंतच खर्च करण्याची मुभा होती. तेलुगू टायटन्सने त्यांतले २ कोटी ६० लाख ५० हजार एकट्या पवन सेहरावतवर घातले. निम्म्याहून अधिक! चढाई एकट्याची असते, पण पकड साऱ्या साखळीची. २२ सामन्यांत त्यांना अवघे २ विजय मिळाले व संघ तळाला राहिला. पुणेरी पलटणनेही शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते. पण अस्लम इनामदारसारखी एकत्र घडलेली तरुण मुले आणि आपल्या कर्नाटकचे प्रशिक्षक बी. सी. रमेश त्यांच्यापाशी आधीच होते. १ मार्च २०२४ रोजी अजिंक्यपद पुण्याला गेले. मर्यादेने बोलीची ताकद सारखी केली. पारख आणि तालीम तिच्या कक्षेबाहेरच राहिली.

शिवाय मर्यादा पाळली जाईलच असेही नाही. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगमध्ये मेलबर्न स्टॉर्मने खेळाडूंना चोरून जादा पैसे दिले. २०१० साली त्यांची २००७ व २००९ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली.

मला अधिक खटकते ते असे, की ही मर्यादा खेळाडूच्या वेतनाला आहे, संघमालकाच्या नफ्याला नाही. आणि खेळाडूची कमाईची वर्षे ती किती? हाच पवन २०२२ च्या हंगामात तमिळ थलैवाजकडून पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर पडला होता.