भोकं तीनच, पण विचारायचं बरंच

संमतीपत्र माझ्या हातात आलं तेव्हा सलाइन लागलेलं होतं आणि स्ट्रेचर दाराशी उभं होतं. डाव्या बीजांडकोशात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, होती. ‘दुर्बिणीतून काढू, तीन भोकं, उद्या घरी,’ एवढंच तोवर कानावर आलेलं. कागदावर मात्र ‘गरज पडल्यास पोट उघडून’ आणि ‘गरज पडल्यास बीजांडकोश काढणे’ असंही छापलेलं. गरज म्हणजे नेमकं काय, हे ओपीडीत, नवरा किंवा आई शेजारी असताना विचारून घ्या. अचानक जीवघेणी कळ, उलट्या, बीजांडकोशाला पीळ किंवा गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, अशा वेळी मात्र प्रश्न कमी आणि धावपळ जास्त. तिथे वेळ घालवू नये.

मूल हवं असेल तर एएमएचची, म्हणजे स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी, रक्तचाचणी ऑपरेशनच्या आधीच करा. चॉकलेट सिस्टचं आवरण बीजांडकोशाला घट्ट चिकटलेलं असतं. ते सोलताना आजूबाजूची चांगली स्त्रीबीजंही थोडी जातात, रक्त थांबवायला डाग दिला की आणखी. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर स्त्रीबीजं गोठवण्याचा विषय तुम्हीच काढा. माझी चाचणी ऑपरेशननंतर झाली. आकडा कमी आला. तो मुळातच कमी होता की ऑपरेशनने झाला, हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि मला अजूनही सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदाच ठणकत होता. सासूबाई बिचाऱ्या बाम चोळत बसल्या. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यातला उरलेला वायू श्वासपटलाला डिवचतो आणि कळ खांद्यात उमटते. थोडं फिरलं की बरं वाटतं, दोन-तीन दिवसांत जाते. घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टीला. दुखणं रोज उतरायला हवं. ते वाढलं, पोट टम्म झालं, ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, तर फोनवरच्या ‘गॅस असेल’वर विसंबू नका, दाखवायला जा. आतड्याला झालेली इजा कधीकधी घरी गेल्यावरच कळते.

माझ्या डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनचं नाव होतं, गर्भनलिकांबद्दल एक अक्षर नाही. पुढे टेस्ट ट्यूब बेबीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला: नलिका मोकळ्या होत्या की पाणी भरून फुगलेल्या? फुगलेली नलिका असेल तर त्या उपचारांना यश येण्याची शक्यता घटते. म्हणून टाके दाखवायला जाल तेव्हा ऑपरेशनच्या सविस्तर नोंदी, गाठीच्या तपासणीचा अहवाल आणि चित्रीकरण केलं असेल तर त्याची प्रत मागून घ्या. पेन ड्राइव्ह आपलाच न्यावा.