भुकेचे न दिसणारे रूप



भूक म्हटली की दुष्काळात खंगलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु नुसत्या भाताने पोट भरले, तरी शरीर उपाशी राहू शकते. डाळ, अंडी, दूध, भाज्या यांतून मिळणारी प्रथिने, लोह व जीवनसत्त्वे न मिळाल्यास बालकाची वाढ खुंटते. हेच कुपोषण.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी ३५ हून अधिक बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १००० दिवस सर्वांत मोलाचे. या काळात मेंदू झपाट्याने वाढतो. तेव्हा झालेली हानी पुढे पूर्णपणे भरून काढणे कठीण असते. अशक्त बालकाला जुलाब व न्यूमोनिया लवकर गाठतात. आजारात अन्न जात नाही आणि अशक्तपणा आणखी वाढतो. कुपोषित मुलगी आई झाली की तिचे बाळही कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो.

हे सारे आपल्यापासून दूर नाही. जव्हार-मोखाड्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वसई, भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात गावची अंगणवाडी सुटते. तिथला आहार, वजन-तपासणी, लसीकरण यांत खंड पडतो. आपल्या घरांच्या विटा थापणाऱ्या आईचे मूल भट्टीजवळ धुळीत उपाशी असते.

लोकसमुदायाला जेवणासाठी गावात पाठवून द्यावे, असे शिष्यांनी सुचवले. प्रभू येशूने मात्र त्यांना खायला देण्याची जबाबदारी शिष्यांवरच टाकली. जवळ होत्या पाच भाकरी व दोन मासे. 'सरकार बघेल' असे म्हणून आपणही त्यांना पाठवून देतो का?

आपण काय करू शकतो?

१. जवळच्या भट्टीवरील गरोदर माता व बालके यांची माहिती अंगणवाडी सेविकेला देऊ या. स्थलांतरितांनाही तिथे सेवा मिळायला हवी.

२. सुजलेले पाय किंवा अतिशय बारीक दंड दिसल्यास बालकाला त्वरित सरकारी दवाखान्यात नेऊ या.

३. उपवासातून वाचलेले पैसे डाळ, अंडी, शेंगदाणे यांसाठी देऊ या.

४. लग्न-समारंभात अन्न वाया घालवू नये. उरलेले तुकडेही प्रभूने गोळा करायला लावले होते.

चिंतनासाठी: आपल्या घरापासून सर्वांत जवळचे भुकेले मूल कोठे राहते, हे आपल्याला ठाऊक आहे का?