पाण्याखालची वाट

रानात वाट चुकलेला माणूस थांबून विचार करू शकतो. पाणबुड्याला तेवढी सवड नसते. त्याच्या पाठीवरील टाकीत मोजकीच हवा असते, आणि १० मीटर खोलीवर ती पृष्ठभागावरच्यापेक्षा दुप्पट वेगाने संपते.

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवर वाहून नेता येईल असे श्वसनयंत्र सिद्ध केले. त्यामुळे नावेवरून हवा आणणारी नळी सुटली; पण नावेकडे परत नेणारा तो एकमेव धागाही सुटला!

पाण्यात ज्ञानेंद्रिये फसवतात. चार मीटरांवरचा खडक मुखवट्याच्या काचेतून तीन मीटरांवर भासतो. ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो. म्हणून नावेच्या यंत्राची घरघर ऐकू येते, परंतु ती कोणीकडून येते हे कळत नाही. तळ दिसत नसेल, तर प्रवाह आपल्याला वाहून नेत आहे याचीही जाणीव होत नाही.

अशा वेळी होकायंत्र कामी येते. मात्र ते शरीराच्या सरळ रेषेत धरावे लागते. मनगट वाकडे झाले, तर सुई खरे सांगते आणि पाणबुड्या भलतीकडे जातो. ४० अंशांच्या रोखाने गेलेल्याने २२० अंशांच्या रोखाने परतावयाचे असते. अंतर मोजावयाचे ते पायांच्या फटकाऱ्यांनी. त्यासाठी ३० मीटर लांबीचा दोर तळाशी ताणून, त्याच्या कडेने पोहत, आपल्याला किती फटकारे लागतात हे प्रत्येकजण आधी मोजून ठेवतो.

या विद्येचा पहिला धडा पुष्कळदा कोरड्या जमिनीवरच दिला जातो. डोक्यावरून पंचा घेऊन, केवळ हातातील होकायंत्राकडे पाहत शिकाऊ पाणबुड्या मैदानात चौकोन चालतो. बघ्यांना हसू येते. पण चौथ्या वळणानंतर तो मूळ जागी पोचला नाही, तर समुद्रात काय होईल हे त्याला तेथेच उमगते.

मुरलेले पाणबुडे तळाच्या वाळूवरील लाटांच्या वळ्याही वाचतात. त्या बहुधा किनाऱ्याला समांतर असतात. जाताना ते प्रवाहाविरुद्ध पोहतात, म्हणजे थकल्यावर परतताना प्रवाहच साथ देतो. खडकाजवळून पुढे गेल्यावर ते मागे वळून पाहतात, कारण परतताना त्याची दुसरीच बाजू दिसते.

इतके करूनही दिशा चुकलीच, तर जोडीदाराला खूण करून दोघेही श्वास न रोखता सावकाश वर येतात आणि नाव कोठे आहे ते पाहतात.