रावबहादूर सी. के. बोले : एका ठरावाची कथा

मुंबईच्या दादर भागात एस. के. बोले मार्ग आहे. रोज हजारो लोक त्या रस्त्याने जातात. पण हे बोले कोण, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. आपल्या विद्यार्थ्यांना तरी ते ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातील समाजसुधारक. सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. गिरणी कामगारांच्या हितासाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेचे ते एक प्रमुख कार्यकर्ते होते. आपल्या दृष्टीने आणखी एक प्रसंग महत्त्वाचा आहे. भीमराव मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनाची सभा बोले यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्याच सभेत गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

पुढे बोले मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेला ठराव कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी शिफारस त्यात होती. सप्टेंबरमध्ये सरकारने अंमलबजावणीचा हुकूम काढला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला.

पण तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरू शकला का? नाही. बँकेत नोकरी करताना आम्ही रोज पाहतो, की परिपत्रक फाईलला लागले म्हणजे काम झाले असे नव्हे. काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काय पडले, तेच खरे. बोले यांनीही हे ओळखले. ठराव करून ते स्वस्थ बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. नुसत्या उपदेशाने जे होत नाही, ते तिजोरीला हात घातल्यावर होईल, असा हा विचार होता.

तरीही तळे बंदच राहिले. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला! हा हक्क उच्च न्यायालयात कायम होण्यास मार्च १९३७ उजाडले.

मग बोले यांचा ठराव वाया गेला काय? मुळीच नाही. महाडला गेलेले लोक कोणाकडे दान मागायला गेले नव्हते. कौन्सिलने मान्य केलेला हक्क बजावायला गेले होते. ते बळ त्या ठरावाने दिले. आणि त्या कागदात प्राण फुंकला तो ओंजळीत पाणी घेणाऱ्या सामान्य माणसांनी.

विद्यार्थीमित्रांनो, विधिमंडळात हक्क लिहिला जातो. तो वापरायचा मात्र आपल्यालाच असतो. शिष्यवृत्ती असो, वसतिगृह असो की ग्रामपंचायतीचा नळ असो, आपल्यासाठी झालेला निर्णय आधी वाचा, समजून घ्या आणि तो अमलात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. बोले यांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.