पेला डावीकडे, दगड उजवीकडे

एक गुळगुळीत टेबल घ्या. स्टीलचा पेला त्यावर पालथा ठेवा. आता त्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकी गिरकी देऊन पुढे ढकला. पेला सरळ जाणार नाही. तो थोडा डावीकडे वळेल. दोनचार वेळा करून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

याचे कारण सोपे आहे. घर्षणामुळे पेल्याचा तळ मागे ओढला जातो, पण वरचा भाग पुढे जाऊ पाहतो. त्यामुळे पुढच्या कडेवर भार जास्त पडतो आणि तेथील घर्षण वाढते. घड्याळाच्या दिशेने फिरताना पुढची कड उजवीकडे सरकत असते. घर्षण नेहमी गतीच्या उलट, म्हणजे येथे डावीकडे. मागच्या कडेवरचे घर्षण उजवीकडे ओढते खरे, पण ते कमी पडते. म्हणून पेला डावीकडे जातो.

आता टेबल सोडून बर्फावर जाऊ. स्कॉटलंडमध्ये गोठलेल्या तळ्यांवर चारशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालेला ‘कर्लिंग’ हा खेळ आज कॅनडात फार लोकप्रिय आहे. ग्रॅनाइटचा वाटोळा, मूठ बसवलेला दगड बर्फाच्या पट्ट्यावरून घसरत सोडायचा आणि दूरच्या टोकाला आखलेल्या वर्तुळांच्या मध्याजवळ थांबवायचा, असा हा खेळ. कॅरमशी त्याचे थोडे नाते आहे; मात्र येथला ‘स्ट्रायकर’ १७ ते २० किलोग्रॅमचा असतो! ऑलिंपिकमधील दगड आयल्सा क्रेग या स्कॉटिश बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात.

शिकाऊ खेळाडूला पहिला धडा मिळतो तो तोल सावरण्याचा. एक पाय रबरी टेकूवर ठेवून रेटा द्यायचा आणि गुळगुळीत तळाच्या दुसऱ्या बुटावर घसरत जायचे. नवखा माणूस सारा भार दगडावर टाकतो आणि दगड सुटताच आडवा होतो. जोर हाताचा नव्हे, पायाचा. हे उमजायला काही दिवस जातात.

दुसरा धडा मुठीचा. समोरची दिशा म्हणजे १२ वाजले असे समजा. मूठ १० वर धरून सोडताना १२ वर आणली, की दगड घड्याळाच्या दिशेने फिरतो; २ वरून १२ वर आणली, तर उलट. गिरकी अगदी मंद हवी. पूर्ण प्रवासात दोनतीन फेरे झाले तरी पुरे. गिरकीच दिली नाही, तर दगड कोठे भरकटेल याचा नेम नसतो.

घड्याळाच्या दिशेने फिरणारा दगड मात्र उजवीकडे वळतो. पेल्याच्या अगदी उलट! सुमारे २८ मीटरच्या वाटेत तो मीटरभर तरी बाजूला जातो. आडव्या आलेल्या दगडाला वळसा घालता येतो तो यामुळेच.

असे का होते? बर्फ आरशासारखा सपाट नसतो. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून गोठवलेले असतात. दगडाचा तळ खोलगट असल्यामुळे केवळ एक अरुंद कडे या बारीक उंचवट्यांवर टेकते. पुढच्या बाजूला दाब जास्त, त्यामुळे तेथे बर्फ किंचित तापून घर्षण कमी होते, असे एक उत्तर दिले जाई. तसे असेल तर गिरकी वाढवली की वळणही वाढायला हवे. दगड तसे वागत नाही. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ मध्ये वेगळे सुचवले : कड्याचा पुढचा भाग उंचवट्यांवर तिरपे ओरखडे काढतो आणि मागचा भाग त्या ओरखड्यांच्या रोखाने वळतो. जपानमधील जिरो मुराता यांनी २०२२ मध्ये दगडाच्या हालचालींची बारकाईने मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांच्या मते खरा फरक पुढे-मागे नसून डावी-उजवीकडे आहे. घड्याळाच्या दिशेने फिरताना उजवी बाजू बर्फावरून कमी वेगाने सरकते. वेग कमी असला की घर्षण जास्त. म्हणून उजवी बाजू उंचवट्यावर क्षणभर अडते आणि दगड तिच्याभोवती किंचित वळतो. या दोन मतांचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

सोबत्यांच्या हातातील झाडू शोभेसाठी नसतात. दगडापुढचा बर्फ जोराने घासला की त्याचा पृष्ठभाग थोडा तापतो, घर्षण घटते आणि दगड काही मीटर अधिक जातो, वळतोही कमी. त्यामुळे सोडलेला दगडही काही अंशी ताब्यात राहतो. कॅरममध्ये ही सोय नाही.

आपल्याकडे असा बर्फ कोठून आणणार? पण पेला आहे. उंच पेला आणि बुटकी वाटी सारख्याच वेगाने ढकला व कोण जास्त वळते ते पट्टीने मोजा. मग टेबलावर कॅरमची पावडर टाकून पुन्हा मोजा. प्रत्येक प्रयोग निदान दहा वेळा करा आणि आकडे वहीत मांडा.