परीक्षक झालेल्या भाचीला

चि. मुक्तास,


समकालीन हस्तकलेच्या प्रदर्शनाला तुला परीक्षक म्हणून बोलावल्याचं आधी ताईकडून कळलं. तुझं पत्र मागाहून आलं. त्यात आनंदापेक्षा धास्तीच जास्त दिसली. असू दे, पहिल्या वेळी ती बरीच.

पहिली फेरी फोटोंवर होते आणि निम्मा घोळ तिथेच होतो. पैठणीचंच बघ. येवल्याच्या हातमागावरची पैठणी उलटी केलीस तर पदरावरचा मोर मागूनही तसाच दिसतो, कारण विणकर रंगागणिक वेगळी कांडी घेतो आणि एका रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवत पुढे जातो. जॅकार्डवरच्या सेमी पैठणीला मागे सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापलेले दिसतात. समोरून काढलेल्या फोटोत मात्र दोघी सख्ख्या बहिणी! म्हणून मागच्या बाजूचा आणि शेजारी मोजपट्टी ठेवलेला फोटो आयोजकांकडून आधीच मागून घे. दुसऱ्या फेरीत वस्तू हातात घेतल्याशिवाय गुण देऊ नकोस. सुरईचं वजन कुठल्याही कॅमेऱ्याला कळत नाही. आणि सेमी पैठणी आहे एवढ्यावरून कुणाला बाद करू नकोस. हातमागाची म्हणून खपवली असेल तर मात्र खुशाल कर.

बैठकीत कुणीतरी ‘हे परंपरेत बसत नाही’ म्हणणारच. तेव्हा जिव्या सोमा म्हसे यांचं नाव काढ. वारली लग्नातला चौक भिंतीवर लिहायचं काम सुवासिनींचं. डहाणू भागातला हा पुरुष मात्र लग्नाची वाट न बघता कागदावर चित्रं काढू लागला. परंपरेची एवढीच चाळणी लावली असती, तर ते पहिल्याच फेरीत गळले असते. पुढे 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण म्हणून नवं ते सगळं थोर, असंही धरून चालू नकोस. वारली चित्रांतला तारपा नाच कपावर छापला की कप समकालीन होत नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. प्रवेशअर्जावर ‘कलाकाराचं नाव’ असा एकच रकाना असतो. शहरातला डिझायनर तिथे स्वतःचं नाव घालतो. मागावर बसलेला माणूस, साचा करणारा, ओतकाम करणारा, यांचा पत्ता नसतो. डिझायनरचं काम खोटं आहे असं मी म्हणत नाही. रंगसंगती, माप, बाजार हे त्याचंच डोकं असू शकतं. पण कुठला टप्पा कुणी केला, हे अर्जावर लिहून घ्यायला लाव आणि तेच पाटीवर छापायला लाव. आमच्या पुण्यात केळकर संग्रहालयातले अडकित्ते तू पाहिलेस. एकेकाची घडण बघत राहावी अशी, आणि करणारा कोण? लिहून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. याउलट ज्योतींद्र जैन यांनी 1998 साली दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये ‘अदर मास्टर्स’ हे प्रदर्शन केलं, तेव्हा पाच लोक-आदिवासी कलावंत नावानिशी उभे केले. म्हसे त्यांत होते, जनगढसिंग श्याम होते, गंगादेवी, सोनाबाई आणि मणिपूरच्या कुंभारीण नीलमणीदेवीही होत्या. ‘एक मधुबनी’, ‘एक मातीचं भांडं’ एवढ्यावर त्यांची बोळवण झाली नाही. तुला क्युरेटर म्हणून आयुष्य काढायचं असेल तर असं काहीतरी करायची उमेद ठेव. परीक्षकाच्या मानधनात प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ, त्यामुळे संग्रहालयाची नोकरी सोडायच्या गोष्टी सध्या नकोत.

गुणांची सरासरी काढली की कुणालाच न खटकणारी वस्तू वर जाते. एकाला वेड लावणारी आणि दोघांना न पटणारी वस्तू खाली राहते. प्रत्येक परीक्षकाला एक वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर निवडू द्यावी, असं सुचवून बघ. ओळखीच्या किंवा शिकवलेल्या माणसाचा अर्ज आला तर खोलीबाहेर चहा प्यायला जा.

ज्यांना नाकाराल त्यांना कारणाच्या दोन ओळी तरी जाऊ देत, त्याही त्यांच्या भाषेत. आयोजक वेळ नाही म्हणतील. तू लिहून दे, ते पाठवतील.

गाडी कधीची ते कळव. माझ्याकडे भिंगं दोन आहेत. जाताना एक घेऊन जा, आणि ताईला म्हणावं लोणच्याची बरणी परत पाठव.

तुझी,
मावशी