अभंगातील लघु-गुरु

कीर्तन आटोपले म्हणजे आमचे नागपूरकर श्रोते पुष्कळदा विचारतात, “बुवा, श्लोकाला लघु-गुरूचे बंधन, आर्येला मात्रांचे बंधन. अभंगाला तसं काहीच दिसत नाही. मग त्याला छंद का म्हणायचं?” प्रश्न रास्त आहे.

आधी लघु-गुरु समजून घेऊ. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु, त्याची मात्रा एक. दीर्घ स्वराचे गुरु, त्याच्या मात्रा दोन. ऱ्हस्व अक्षरावर अनुस्वार असला, किंवा पुढील जोडाक्षराचा आघात त्यावर आला, तर तेही गुरु होते. ‘पंढरी’तला पं आणि ‘विठ्ठल’मधला वि असे गुरु झाले. मात्र मराठीत कान जागा ठेवावा लागतो. ‘पुण्य’ म्हणताना पु वर आघात येतो, म्हणून तो गुरु. ‘तुझ्या’ म्हणताना तु वर येत नाही, म्हणून तो लघुच. आपल्या गावाचे नाव घ्या. ‘नागपूर’मधला पू गुरु, ‘नागपुरात’ म्हटले की तोच पु लघु!

हे माप केवळ संस्कृताचे नव्हे. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन कविताही याच मापाने चालत. मोरोपंतांची ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे. तिच्या चरणात १७ अक्षरे, आणि लघु कुठे, गुरु कुठे, हे ठरलेले. आर्येत १२, १८, १२, १५ अशा मात्रा मोजतात. अभंगात मोजायची ती नुसती अक्षरे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार, लहानात आठ-आठ. म्हणजे बंधन आहे, पण ते वजनाचे नाही, संख्येचे आहे.

‘राम कृष्ण हरि’ हेच पाहा. मात्रा मोजाल तर तीन, तीन आणि दोन मिळून आठ. अक्षरे मात्र सहा. अभंगाच्या हिशेबाला ही सहाच. बोलताना आपण ‘राम्’ असे एका झटक्यात म्हणतो. छंदात रा आणि म ही दोन अक्षरे पुरती उच्चारावी लागतात. शेवटचे अक्षर गिळले की चरण लंगडा झाला. उलट, गाताना लघु अक्षर ओढले तरी मोजणी मोडत नाही. म्हणूनच एक अभंग नाना चालींत गाता येतो.

मग ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्यायचे का? तसं नाही बरं! ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. छंद दोन्ही खपवून घेईल. अर्थ खपवून घेणार नाही. चालीसाठी अक्षर लांबवणे हा गायकाचा अधिकार. पण पाठच चुकीचा करून पुढच्याला शिकवला, तर ती चूक दिंडीभर पसरते.

तेव्हा नवा अभंग घेताना आधी बोटांवर अक्षरे मोजावीत. मग ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून तो संथ वाचावा, अर्थ विचारून घ्यावा. टाळ त्यानंतर हाती घ्यावा.